छापायच्या आधीचं पत्र

"छापायच्या आधीचं पत्र दावा," ती बाई म्हणाली.

मी प्रुफावरून मान वर केली. टेबलापलीकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची एक बाई उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात आमचाच पेपर, चौथ्या पानावर घडी घातलेला. चौथं पान म्हणजे माझं पान. त्यावर 'वाचकांचा पत्रव्यवहार' हे सदर असायचं, आणि सांगलीच्या त्या दैनिकात उपसंपादक म्हणून माझी निम्मी नोकरी त्या सदरावर चालली होती. ही गोष्ट १९८८ च्या एप्रिलमधली.

"कुठलं पत्र?"

"ह्ये. हवालदार खोतांचं."

"हेच ते पत्र, बाई."

"न्हाई. हे तुमी सुधारल्यालं. तुमी समद्यांची पत्रं सुधारताय." मी बसा म्हणायच्या आधीच ती समोरच्या खुर्चीवर बसली. "दोन सालामागं आमच्या फाट्यावर यष्टी थांबत न्हवती म्हणून मी पत्र लिवलं हुतं. मी लिवलं, यष्टी थांबत न्हाई, पोरी चालत शाळंला जात्यात. तुमी छापलं, 'विद्यार्थिनींची कुचंबणा होत आहे.' कुचंबणा म्हंजी काय, ते मला मास्तरास्नी इचारावं लागलं."

"एस.टी. थांबायला लागली का?"

"लागली."

"मग झालं तर."

"झालं की. पन ते माझं बोलणं न्हवतं."

तिने पेपर टेबलावर पसरला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. अंक फेब्रुवारीचा होता. घड्यांवरची अक्षरं उडत आली होती. बोट सरकवत, एकेक शब्द सोडवत तिने वाचलं.

"'माझ्या मांडीवर मस्तक ठेवून तो तरुण जवान क्षीण स्वरात उद्गारला, मित्रा, या भूमीवरील अन्यायाला जगापुढे वाचा फोड. आणि त्याने प्राण सोडला.'" ती थांबली. "मरताना माणूस असं बोलतंय व्हय, सायेब?"

मी प्रुफं बाजूला सारली.

"माझं मालक तितंच गेलं. आकाराम चोपडे. राष्ट्रसंघाच्या फौजेतनं गाझाला गेल्यालं. सदुसष्टचा जून. तार आली, मग पेटी आली. कापडं आणि घड्याळ. मानूस न्हाई आलं, राखबी न्हाई. कसं गेलं, कुठं गेलं, कोन जवळ हुतं, काय सांगाय कुनी आलं न्हाई. आन फेब्रुवारीत मास्तरांनी हे वाचून दावलं." ती पुढे वाकली. "खोतांच्या मांडीवर कोन गेलं त्याचं नाव तुमी गाळलंय का? आन ते खरं काय बोललं? म्हणून म्हनलं, छापायच्या आधीचं दावा."

छापायच्या आधीचं पत्र नव्हतं. हवालदार खोतही नव्हते. ते पत्र मीच लिहिलं होतं, याच टेबलावर, याच पेनाने.

हे आता सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. पत्रं कमी पडली की आपणच लिहायची, हा पत्रांच्या पानाचा जुना रिवाज. पाणीपुरवठ्यावर चिडलेली 'एक त्रस्त गृहिणी' मी होतो. रिक्षावाल्यांना शिस्त लावा म्हणणारा 'एक पेन्शनर' मी होतो. एकदा तर त्या पेन्शनरला त्रस्त गृहिणीने खरमरीत उत्तर दिलं होतं आणि दोघांच्याही बाजूने लोकांनी पत्रं धाडली होती. त्यात कुणाचं काही बिघडत नसे.

डिसेंबरपासून गाझात आणि तिकडे नदीच्या पश्चिम काठावर पोरं दगड घेऊन रस्त्यावर उतरली होती आणि त्यांच्यावर गोळ्या चालत होत्या. वृत्तसंस्थेची बातमी रोज यायची. आम्ही सांगली-मिरजेत बसून भांडायचो ते त्या बातमीला काय म्हणायचं यावर. मिरजेचे आठल्ये सर, निवृत्त मुख्याध्यापक, दर मंगळवारी पत्र धाडत. 'व्याप्त' हा शब्द आपण कोणाच्या परवानगीने छापलात? 'निर्वासित' या शब्दाला अवतरणचिन्हे का नाहीत? जयसिंगपूरच्या कॉलेजातले प्रा. मगदूम उलट टोकाचे. 'चकमक' नव्हे, 'कत्तल' म्हणा. 'मृत्युमुखी पडले' नव्हे, 'ठार मारले' म्हणा. एक म्हणे प्रत्युत्तर, दुसरा म्हणे आक्रमण. एकाचा अतिरेकी तो दुसऱ्याचा मुक्तियोद्धा. किती मेले हे दोघांनाही विचारावं लागे, काय म्हणायचं ते मात्र पाठ असे. मी दोघांचीही पत्रं व्याकरण सुधारून छापायचो.

फेब्रुवारीत मगदूम कसल्याशा शिबिरात अडकले आणि त्यांची पत्रं बंद झाली. आठल्ये सर एकटेच मैदान गाजवू लागले. संपादक म्हणाले, "पान एकांगी दिसतंय. समोरची बाजू कुठाय?" समोरची बाजू मी तयार केली. जुन्या कात्रणांत दोन ओळी सापडल्या, की १९६७ च्या जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा गाझात राष्ट्रसंघाच्या सेनेतले आपले काही जवान मारले गेले. त्या दोन ओळींवर मी हवालदार बा. रा. खोत उभे केले. पत्ता, तालुका शिराळा. रकाना भरायला अकरा ओळी कमी पडत होत्या, म्हणून शेवटी तो मांडीवर मरणारा जवान घातला.

पत्र गाजलं. आठल्ये सरांनी लिहिलं, 'हवालदारसाहेब, आपले मत मला तसूभरही मान्य नाही. परंतु आपल्या मांडीवर ज्याने देह ठेवला, त्याच्यापुढे मी मस्तक झुकवतो.' मग खोतांनी त्यांना उत्तर दिलं. त्यांनी खोतांना. अशी खोतांची आणखी चार पत्रं झाली. खोत मला आवडायला लागले होते. माझ्यापेक्षा त्यांची मराठी भारदस्त होती.

खोतांच्या नावाने, आमच्या कचेरीच्या पत्त्यावर, दोन कार्डंही आली होती. 'आपण आकाराम चोपडे यांना वळकत होता काय,' असं वेड्यावाकड्या अक्षरांत. ती मी वाचली होती आणि खणात टाकून दिली होती. कार्डांचं उत्तर आलं नाही म्हणून आता कार्डं लिहिणारी आली होती.

"मूळ पत्रं आम्ही ठेवत नाही," मी म्हणालो. "छापून झालं की रद्दीत जातात."

"मग खोतांचा पत्ता द्या. शिराळ्याला मी जाईन."

"त्यांनी पत्ता देऊ नका म्हणून कळवलंय. तब्येत बरी नसते त्यांची."

एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं किती पटकन तयार होतं, याचं मला तेव्हासुद्धा नवल वाटलं. तिला मात्र ते पटलं. आजारी माणसाला त्रास देऊ नये, अशा अर्थाचं ती काहीतरी पुटपुटली. मग तिने पेपरची घडी पुन्हा घातली.

"बरं, एक सांगा," ती म्हणाली. "बोलणं तुमी सुधारलंय, ते मला कळतंय. त्यांनी पानी मागितलं असंल, न्हाईतर आईचं नाव घेतलं असंल. ते जाऊ दे. पन मांडी? मांडी तर खरी हाय न्हवं? कुनाच्या तरी मांडीवर गेलं, एवडं तर खरं?"

त्या प्रश्नाला नाही म्हणायला जो दम लागतो तो माझ्यात नव्हता.

"हो," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं. डोळे नाही, तोंड, उन्हातून आल्यावर पुसतात तसं. मग पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तीतून एक घडीचा कागद. "हे त्यांचं शेवटचं पत्र. सदुसष्टच्या एप्रिलमधलं. सासऱ्याच्या नावानं हाय. खोतास्नी दावा. वाचून वळख पटंल त्यास्नी, की हाच मानूस हुता का न्हाई."

पत्र माझ्याकडे ठेवून घ्यायला ती तयार नव्हती. म्हणून मी तिथेच उतरवून घेतलं. पेन्सिलीने लिहिलेलं, कागदाच्या दोन्ही अंगाला. उतरवता उतरवता माझा हात हळू झाला.

'तीर्थरूप अण्णांस आकारामचा साष्टांग नमस्कार. मी हिकडं खुशाल हाय. तुमची खुशाली कळवणे. आमची चौकी दोघांच्या मधी हाय. मधी नांगरानं एक लांब तास मारला हाय, ती रेघच हद्द. त्याच्या कडंकडनं रोज चालायचं हे आमचं काम. अलीकडं एक म्हातारा संत्री इकतो. आमच्याकडनं पैसं घेत न्हाई, बिस्कुट घेतो, नातवाला. पलीकडं एकजण ट्रॅक्टर चालवतो. सकाळी हात करतो. आमी बी करतो. हुकूम न्हाई पन करतो. म्हाताऱ्याला खुणेनं इचारलं, पलीकडची जमीन कुनाची, तर म्हणला माझी. तिकडच्याला इचारायची सोय न्हाई, पन तो बी माझीच म्हणंल. आपल्या बांधाचा निकाल लागला का. चुलत्यासंग भांडू नका, मी आलो की बगू. घरी सांगा की डोळ्यात औषध टाकत जा. पाऊस न्हाई. बाकी ठीक.'

"घरी म्हंजी मी," ती म्हणाली. "तवा माझं डोळं आलं हुतं."

मी विचारलं, "हे छापू का?"

ते मी का विचारलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. थोडी टोचणी होती. पण खरं सांगायचं तर, माझ्यातल्या उपसंपादकाला चांगला मजकूर दिसला होता. पाच महिने त्या पानावर त्या मुलखाबद्दल जे काही छापलं होतं, त्यात तिथे उभं राहिलेला एकही माणूस नव्हता. हा होता, आणि तोही बरोबर मधोमध.

"छापा की," ती म्हणाली. "पन सुधारू नका."

मी एक अक्षरही सुधारलं नाही. वर फक्त दोन ओळी टाकल्या, की हे पत्र गाझात मृत्यू पावलेल्या आकाराम चोपडे या जवानाचे असून त्याच्या पत्नीच्या संमतीने छापत आहोत.

आठवड्यात तेवीस पत्रं आली. आठल्ये सर आणि मगदूम यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. शिबिरातून परतलेल्या मगदूमांनी लिहिलं, 'आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच बांधावर उभे करणारे हे भाबडे पत्र कोणी आणि कोणत्या हेतूने तयार केले, याचा खुलासा व्हावा.' आठल्ये सर जास्त सविस्तर होते. 'युद्धाच्या छायेत उभा असलेला भारतीय जवान संत्री, बिस्किटे आणि डोळ्यांचे औषध यांविषयी लिहील, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. सैनिकाची भाषा कशी असते, हे हवालदार खोत यांनी आम्हांस दाखवले आहे. प्रस्तुत पत्र बनावट आहे, हे त्याच्या भाषेवरूनच उघड होते.'

ही पत्रं मला दाबायची होती. संपादकांनी ती माझ्या टेबलावरून उचलली. "दोघंही एकाच सुरात बोलतायत, अशी संधी पुन्हा नाही. छाप," ते म्हणाले. रविवारच्या अंकात दोन्ही शेजारी शेजारी लागली, चौकटीत.

सोमवारी आठल्ये सर स्वतः कचेरीत आले. सत्तरीतले, ताठ, पांढरा सदरा-लेंगा, काखेत पत्र्याच्या क्लिपची फाइल. तीत त्यांची आजवरची छापून आलेली सगळी पत्रं तारीखवार लावलेली असत. पुढच्या महिन्यात मिरजेत वसंत व्याख्यानमाला होती आणि सर तिच्या समितीवर होते.

"हवालदार खोतांना बोलवायचं ठरवलंय," ते म्हणाले. "आधी ते बोलतील, मग मी. खुला वाद. लोकांना कळू दे, की मतभेद असूनही सभ्य भाषेत कसं बोलता येतं. तुम्ही पत्ता तेवढा द्या."

"सर, ते चोपड्यांचं पत्र खरं आहे."

"कोण चोपडे? हां, ते. नाही हो. भाषा बघा की त्याची. मी छत्तीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत. कुठल्यातरी नवकथाकाराने कुणाच्या तरी तोंडी घातलेलं आहे ते."

"त्यांची बायको माझ्यासमोर, तुम्ही बसलाय त्या खुर्चीत बसली होती. मी स्वतः उतरवून घेतलंय."

"तुम्ही भाबडे आहात. लोक काय काय घेऊन येतात पेपरवाल्यांकडे." त्यांनी फाइल उघडून खोतांचं पहिलं पत्र काढलं. समासात लाल पेन्सिलीची रेघ होती, मांडीवरच्या त्या ओळींपाशी. "हे बघा. याला म्हणतात सच्चा माणूस. हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही, तुम्हाला सांगतो. बायकोला म्हटलं, आपण इथे बसून शब्द पाखडतोय आणि या माणसाने..."

त्यांचा आवाज बसला. मी त्यांना नेहमी जरा हसायचो, कचेरीत त्यांची नक्कलही करायचो. त्या क्षणी मला ते एकदम आवडले, आणि त्यामुळेच गप्प राहणं अशक्य झालं.

"सर, खोत नाहीत," मी म्हणालो. "ती पत्रं मी लिहिली. पहिलं आणि नंतरची चारही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. मग हसू थांबलं. मग त्यांनी फाइलमधली ती चार-पाच कात्रणं पुन्हा एकदा चाळली, परीक्षेत नक्कल सापडल्यावर मास्तर दोन पेपर ताडून बघतो तशी.

"'तसूभर' हा शब्द," ते हळूच म्हणाले. "मी वापरला आणि पुढच्या पत्रात तुम्हीही वापरलात. मला वाटलं, माझा परिणाम."

"माफ करा."

"माफीचं राहू दे." त्यांनी क्लिप लावली. ती नीट बसेना. "म्हणजे तो मरणारा जवानही तुमचा."

"हो. पण चोपडे खरे आहेत, सर. ते पत्र खरं आहे. तुम्ही बनावट म्हटलंत ते चुकलं. तेवढं तुम्ही मागे घ्या, दोन ओळींचं पत्र द्या, मी उद्याच छापतो."

आठल्ये सर उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार दमल्यासारखे दिसले.

"अहो, आता कसं मागे घेऊ? एक पत्र तुम्ही लिहिलंत, हे तुम्हीच सांगताय. मग दुसरंही तुम्हीच लिहिलं नाहीत कशावरून? रांगडी भाषा काय, तुम्हाला तीही येत असेल." दारापाशी जाऊन ते वळले. "मूळ पत्र दाखवा. हस्ताक्षर दाखवा. त्याशिवाय आता मी तुमच्या पेपरातल्या कुठल्याही मेलेल्या माणसावर विश्वास ठेवणार नाही."

त्यांनी नंतर आम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. पुढे तेरा वर्षं ते हयात होते.

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी कबुली छापली की आकाराम चोपडेही खोत होणार, आणि नाही छापली तर तो बनावट म्हणून राहणारच. एकच वाट होती. ते पेन्सिलीचं पत्र आणायचं, त्याचा फोटो काढून छपाईचा ठसा करायचा, तो हस्ताक्षरासकट छापायचा आणि मग खोतांचं काय ते सांगून मोकळं व्हायचं. नोकरी गेली असती. जाऊ दे, असं मी मनाशी ठरवलं होतं. निदान बसमध्ये बसलो तेव्हा तरी ठरवलं होतं.

तासगावच्या पुढे तिचं गाव. तिच्या फाट्यावर एस.टी. थांबली. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन आतापासूनच तापलं होतं. चंद्राबाई चोपड्यांचं घर कुणीही दाखवलं. पत्र्याचं, दोन खणी, पुढे म्हशीचा गोठा. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, तांब्याभर पाणी आणलं आणि घोंगडं अंथरलं. रविवारचा अंक तिच्या सुपाशेजारी होता.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं. 'बनावट' समजलं. 'भाबडे' मास्तरास्नी इचारलं." ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. "मालकास्नी खोटं म्हणत्यात. मेल्याला इकवीस वर्सं झाली, आन आता म्हणत्यात, हुतंच न्हाई."

"माझं चुकलं. मी छापायला नको होतं."

"तुमचं काय चुकलं? तुमी सुधारलं न्हाई, म्या सांगितल्यालं तसं छापलं." तिच्या आवाजात माझ्याविषयी राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "सुधारून छापलं असतं तर लोकास्नी पटलं असतं का?"

"कदाचित."

"बगा."

मी तिला पत्राचा ठसा करायचं सांगितलं. मूळ कागद दोन दिवसांसाठी द्या, मी स्वतः परत आणून देतो, असं म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"एवडा खटाटोप कशाला, सायेब? खोत हायती की. ते तितं हुतं. त्यांचं समदी ऐकत्यात, त्या मिरजेच्या मास्तरानंबी लिवलंय त्यांचं नाव. त्यांनी एक वळ लिवू दे, आकाराम चोपडे खरा हुता म्हणून. झालं. मीच त्यास्नी कार्ड लिवणार हुते आज."

ओट्याच्या कडेला एक कोरं कार्ड आणि पेन ठेवलेलं मला तेव्हा दिसलं.

"खोत नाहीत," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "वारलं? कवा?"

किती सोपं होतं. हो, परवाच वारले. तब्येत बरी नव्हतीच, तुम्हाला म्हटलं होतं ना. एक शब्द पुरला असता आणि तिने खोतांसाठीही हळहळ केली असती. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी नाकारत नाही.

"वारले नाहीत. नव्हतेच. ते पत्र मी लिहिलं."

"तुमी सुधारलं."

"नाही. लिहिलं. सगळं. असा हवालदार कुणी नाही. मी गाझाला कधी गेलो नाही. मी सांगलीच्या पलीकडे फारसा कुठे गेलेलो नाही."

गोठ्यात म्हैस दावं ओढत होती, त्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिने माझ्याकडे नाही, सुपाकडे पाहिलं.

"मांडी?"

"तीही."

"तुमाला त्या दिशी इचारलं तवा हो म्हणला."

"हो. खोटं बोललो."

"कशापायी लिवली मग? मांडी?"

तिला खरं सांगायचं म्हणूनच मी आलो होतो. "ओळी कमी पडत होत्या," मी म्हणालो. "रकाना भरायला. अकरा."

मला वाटलं, ती शिव्या देईल. आमच्याकडच्या बायका देतात आणि मला त्या हव्या होत्या. तिने सूप बाजूला सारलं, टरफलं झाडली, आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात ती प्लास्टिकची पिशवी होती. मला वाटलं, पत्र देते आहे. तिने पिशवी छातीशी धरली आणि तशीच बसली.

"हे मिळायचं न्हाई," ती म्हणाली. "खोटं म्हणू द्या त्यास्नी. मला काय त्यांच्यासंग भांडाय जायचं न्हाई. कोन खरं, कोन खोटं, कुनाची जमीन, ते तुमचं तुमी बगा."

"पण चोपड्यांचं नाव—"

"नावाचं सोडा, सायेब." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तुमाला अजून कळंना झालंय. तार आली त्या दिसापासनं मी त्यास्नी मरताना बघतीया. रोज. निजले की दिसत्यात. एकटं पडल्यालं, वाळूत, हाका मारत. इकवीस वर्सं एकबी रात सुटली न्हाई. फेब्रुवारीत मास्तरांनी ते वाचून दावलं आन त्या रातीला पयल्यांदा त्यांच्या डोसक्याखाली मांडी हुती. तोंड न्हाई दिसलं, खोतांचं. मांडी दिसली. मी निजले. दोन म्हैनं मी निजत हुते."

ती उठली आणि माझा रिकामा तांब्या उचलला.

"आता आज रातीपासनं," ती म्हणाली, "ते पुन्यांदा एकटंच मरायचं."